डब्यावरचा हिरवा दिवा

हिरवा दिवा नको, हे मी सरांना पहिल्यापासून सांगत होते. लाल ठेवा, आकडा दाखवणारी छोटी पाटी ठेवा, हवा तर पिवळा ठेवा, पण हिरवा नको. सर माझे मार्गदर्शक होते, मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते आणि डबा त्यांच्या प्रकल्पाचा होता. त्यामुळे हिरवा दिवा बसला. तो पुढे कुणाच्या उशाशी जाऊन लागला, ते मला सांगायचं आहे. इतकी वर्षं झाली, माझा राग गेलेला नाही. तो जावा म्हणून मी काही करतही नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी हिंगोलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होते. सुट्ट्या लागल्या की मुलांना सासूबाईंकडे ठेवून शहरातल्या प्रयोगशाळेत जायचे. तिथे आम्ही गॅस ओळखणारा डबा तयार करत होतो, आणि कुठला गॅस घ्यायचा ते मी सुचवलं होतं. धान्याच्या गोळ्यांचा.

आमच्या भागात हरभरा, ज्वारी, गहू टिकवायला कीड मारायच्या गोळ्या टाकतात. फडक्याची पुरचुंडी करून ती पोत्यांच्या मध्ये ठेवायची आणि वरून ताडपत्री टाकायची. हवेतल्या ओलीने गोळी फुलते, तिची राख होत जाते आणि त्यातून फॉस्फिन नावाचा गॅस निघतो. किड्याला तो मारतो आणि माणसालाही मारतो. राहत्या घरात वापरू नका असं डबीवर छापलेलं असतं. पण आमच्याकडे राहतं घर आणि धान्याचं घर वेगळं कधी होतं? ज्या खोलीत उंदीर शिरत नाही, पाऊस गळत नाही, ती खोली धान्याची, आणि भिंतीपलीकडे माणसं निजणार. मी लहानपणापासून तशीच निजले. म्हणून मी तो गॅस निवडला.

डब्याचा जीव म्हणजे सिलिकॉनची एक पट्टी. केसाहून अरुंद. एक टोक घट्ट धरलेलं, दुसरं मोकळं, ओट्याबाहेर काढलेल्या फळीसारखं. वीज देऊन ती पट्टी सतत थरथरत ठेवायची. तिच्यावर एक पातळ लेप दिलेला असतो आणि गॅसचे कण त्याला चिकटतात. कण चिकटले की पट्टी जड होते आणि थरथर किंचित मंदावते. किती मंदावली त्यावरून गॅस किती ते काढायचं. सांगायला एवढंच आहे.

करायला मात्र आयुष्य जातं, कारण ती पट्टी आपण हलवली नाही तरी हलतेच. हवेचे कण तिला ढकलत राहतात. ऊब आहे तोवर ती स्थिर राहू शकत नाही. त्यात खोली तापते, निवते, हवा दमट होते, विजेच्या तारा गुणगुणतात, रस्त्यावरून ट्रक जातो. या नको असलेल्या सगळ्या हालचालीला आम्ही गोंगाट म्हणायचो. गोंगाट कमी करता येतो, संपवता येत नाही. शहरात आम्ही टेबलाचे पाय स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबांवर ठेवले होते. वर वाळूची पेटी, वाळूवर उपकरण. दार बंद, पंखा बंद, मे महिन्यातसुद्धा. मी घामाने निथळत बसायचे, पण पट्टी शांत असायची.

त्या शांततेत आम्हाला फार थोडा गॅससुद्धा ओळखता आला. तो आकडा सर जिथे जातील तिथे सांगायचे. आकडा खोटा नव्हता. तो ट्यूबांवरच्या टेबलाचा आकडा होता, एवढं मात्र ते सांगायचे नाहीत.

या कामात एक साधा संकेत आहे. मिळालेली खूण गोंगाटाच्या तिप्पट झाली, तरच गॅस ‘आढळला’ म्हणायचं. त्याहून कमी असेल तर ‘आढळला नाही’. आणि आढळला नाही म्हणजे नाही, असा अर्थ होत नाही. हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेत आकाशपाळण्याच्या भोंग्याखाली उभी राहून बाई नवऱ्याला हाक मारते. त्याला ऐकू येत नाही. म्हणून तिने हाक मारलीच नाही, असं कोण म्हणेल? नवरा म्हणेल. आणि सर म्हणाले.

झालं असं की हातात धरून न्यायचा डबा बनवताना एकेक गोष्ट गळत गेली. पट्टीशेजारी लेप न दिलेली दुसरी पट्टी होती. खोली तापली की दोघी सारख्याच बदलायच्या, त्यामुळे तापल्याचा परिणाम वजा करता यायचा. बॅटरी लवकर संपते म्हणून ही दुसरी पट्टी काढली. ट्यूबा आणि वाळू डब्यात मावणार नव्हत्याच. मग लाल दिवा उगाच लागू लागला. कुणी टेबलावर हात आपटला, लाल. पाहुणे आले, खुर्च्या सरकल्या, लाल. सर ओशाळायचे. त्यावर त्यांनी तोड काढली. डबा भोवतीचा गोंगाट सतत मोजत राहील, लाल दिव्याची मर्यादा त्याच्या तिप्पट धरेल, आणि त्याखाली जे काही असेल त्याला हिरवा.

मी म्हणाले, सर, म्हणजे जागा जितकी गोंगाटाची, तितका हिरवा पक्का. डबा बहिरा झाला की सांगणार, सगळं ठीक आहे.

सर म्हणाले, “अहो मॅडम, शेतकऱ्याला आहे किंवा नाही एवढंच पाहिजे असतं. तो काय तुमचा आलेख बघणार आहे?”

“मग ‘मला कळत नाही’ असा एक दिवा लावा. पिवळा.”

सर हसले. शेजारी बसलेला एक सहकारीही हसला. “मला कळत नाही असं सांगणारं यंत्र कोण विकत घेईल?” सर म्हणाले. “त्यासाठी माणसं पुष्कळ आहेत.”

मला तेव्हाच उठून जायला हवं होतं असं कुणी म्हणेल. उठून कुठे जाणार होते? तासिका तत्त्वावरच्या बाईला दुसरा मार्गदर्शक दारात उभा नव्हता.

डब्याचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक हिंगोलीतच झालं, एका धान्याच्या गोदामात. मी तिथली म्हणून ओळखी माझ्या, खुर्च्या मी सांगितलेल्या, चहाही मीच. डब्याला हार घातला. पुढे नारळ फोडला. आणि कुणीतरी भक्तिभावाने उदबत्तीचा पुडाच पेटवून डब्यासमोर खोचला. गॅस हुंगायच्या यंत्राला उदबत्ती. पाटीवरचे आकडे वेड्यासारखे नाचायला लागले. बाहेर ट्रक भरणं चालू होतं, आत ध्वनिक्षेपक घुमत होता. डब्याला यातलं काहीही सहन होत नव्हतं, म्हणून त्याने आपली मर्यादा वर वर नेली आणि हिरवा दिवा लावून ठेवला. टाळ्या पडल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं, आता पटलं का, अशा नजरेने. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा थोरला भाऊ होता. बहिणीचं कौतुक बघायला डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावाहून मुद्दाम आलेला. “काय चीज बनवली आक्कानं,” असं तो चार जणांना सांगत होता. सगळी भावंडं मला आक्काच म्हणतात, दादा माझ्याहून मोठा असला तरी.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला, दोघं ठीक होती, दवाखान्यातून घरी आली. मी पेढे घेऊन जाऊन आले. हिंगोलीला परतल्यावर काही दिवसांतच तिचा फोन आला. आवाज दबका होता, बहुतेक गोधडीतून बोलत होती.

“आक्का, डोकं फुटून राह्यलंय. उलट्या व्हायल्यात. माय म्हणती, बाळंतपणाचं हाय, व्हत असतंय.”

लेकरू कसं आहे, विचारलं. नुसतं निजून असतं, म्हणाली, पिताना सोडून देतं. मग आपणहून म्हणाली, “न्हाणीत अंघोळीला गेलं की बरं वाटतंय. परत खोलीत येऊन पडलं की सुरू.”

मला जे कळायचं ते तिथेच कळलं. दादाला फोन द्यायला सांगितला आणि गोळ्या कुठे टाकल्यास, विचारलं. तो म्हणाला, नवा हरभरा आला ना, परवाच टाकल्या, आतल्या खोलीत, दरसाल टाकतो तिथंच. मी म्हणाले, दोघांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. तो म्हणाला, बरं बरं, मायला सांगतो. दादाचं ‘बरं बरं’ मला ठाऊक होतं. प्रात्यक्षिकानंतर डबा कॉलेजच्या कपाटातच राहिला होता, तो काढला, शालीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि मिळेल त्या एस.टी.ने निघाले.

दुपारी पोचले तर अंगणात हळद चालली होती. शिजवून वाळवलेली हळद घासून गुळगुळीत करायचा लोखंडी ड्रम भाड्याने आणला होता. मोटर घों घों करत होती आणि ड्रममध्ये हळकुंडं आदळत होती. अंगण पिवळं, बायांच्या पापण्या पिवळ्या, कुत्रंसुद्धा पिवळं. घरात पाऊल टाकलं तर फडताळातली ताटं थरथरत होती.

बाळंतिणीची खोली आमच्याकडे कशी असते ते सांगते. वारं लागू नये ही एकच चिंता. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, वर गोधडी ठोकलेली. दाराला पोत्याचा पडदा. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, तिच्यावर ओवा-शेपा टाकून शेक. उन्हाळा असो की काही असो. झोळीला लसणाची माळ बांधलेली, नजर लागू नये म्हणून. ताटात लसणाची चटणी, कारण दूध यायला पाहिजे. बाहेरून मुंगी यायला जागा नव्हती. पण धान्याच्या खोलीच्या भिंतीत वर एक जाळी होती, हातभर रुंदीची, आणि ती उघडी होती. तिच्यात एक चिंधी कुणी कोंबली नव्हती. का, तर तिकडून वारं येत नाही. ती घरातलीच खोली.

मी मायला तिथेच सांगितलं. शेगडीने खोली तापते, तापलेली हवा दाराच्या वरच्या फटीतून निघून जाते, आणि तिची जागा भरायला त्या जाळीतून पलीकडची हवा आत येते. तुम्ही बाहेरचं वारं अडवलं आणि गोळ्यांचं आत घेतलं. हिला बाहेर काढा. आधी बाहेर, मग बोलू.

“बारशाआधी वाऱ्याला काढू?” माय म्हणाली. “तुझी दोन बाळंतपणं याच खोलीत झाली. तुला काय झालं?”

त्या दोन्ही वेळा गोळ्या परसातल्या जुन्या कोठीत टाकल्या होत्या. मी तेही सांगितलं. तोवर दादा हात झटकत आत आला. गॅसला लसणासारखा वास असतो असं मीच त्याला गोदामात सांगितलं होतं. त्याने नाक वर करून हुंगलं आणि म्हणाला की लसणाचा वास तर येतोय, पण इथं लसूणच आहे. म्हणूनच तर, मी म्हणाले. लसणाच्या खोलीत लसणासारखा वास तू कसा ओळखणार?

“मंग डबा लाव की,” दादा म्हणाला. “आणलास कशाला? डबा सांगंल.”

मी डबा बाजेच्या उशाशी स्टुलावर ठेवला आणि चालू केला. आकडे वरखाली झाले. मग हिरवा दिवा लागला, छान, एकसारखा, जराही न लुकलुकता.

दादा दारातून बायांना सांगायला लागला, हिरवा हाय, गोदामात पण हिरवाच व्हता. मायने डब्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. बाजेवर माझी बहीण पडली होती, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले, कुशीत लेकरू. आणि मी बनवलेला डबा माझ्याच विरुद्ध साक्ष देत होता. त्या क्षणी सर समोर असते तर मी काय केलं असतं ते लिहीत नाही.

मी पाटी पाहिली. तिच्यावर गोंगाटाचाही आकडा दिसायचा. तेवढं मी भांडून ठेवून घेतलं होतं. तो प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या कितीतरी पट होता. ड्रमने जमीन हादरत होती, मोटरची वीज तारांतून घुमत होती, शेगडीने पट्टी तापत चालली होती. अशा ठिकाणी डब्याला अगदी खेटून गोळी फुलली असती, तरच त्याला काही कळलं असतं.

“ड्रम बंद कर,” मी दादाला म्हणाले.

तो हसला. मोटरची थ्री फेज वीज दुपारपुरतीच असते, म्हणाला, आणि ड्रम उद्या पलीकडच्या शेतातल्या आखाड्यावर जायचा आहे. बाया बसून राहतील. हिरवा लागलाय, आता काय पाहिजे तुला.

मी अंगणात गेले आणि स्टार्टरचं लाल बटण दाबलं. ड्रम कण्हत कण्हत थांबला. बाया टोपल्या हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, “बाई, लाईट गेली का तुमीच घालवली?” दोघी-तिघी हसल्या. दादा मागून आला, मान लाल झालेली.

“पाव्हणी आलीस तर पाव्हणीवाणी रहा.”

“ड्रम चालू असला की डबा बहिरा असतो,” मी म्हणाले. “बहिऱ्याला विचारून तू त्यांना निजवून राहिलास.”

त्याने बटणाकडे हात नेला नाही. मी त्याच्या आणि बटणाच्या मध्ये उभी होते, हेही खरं. मग मी आत जाऊन शेगडी चिमट्याने उचलून अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली. माय माझ्या मागे बडबडत आली आणि बडबडत गेली. डबा घेऊन मी लांब लिंबाखाली गेले. तिथल्या मोकळ्या हवेत तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, पट्टी निवू दिली. गोंगाटाचा आकडा उतरत उतरत खाली आला. प्रयोगशाळेइतका नाही, पण कामापुरता. तसाच हातात धरून आत आणला आणि उशाशी ठेवला.

आता तो ऐकू लागला होता. थरथरीचा आकडा हळूहळू घसरायला लागला. कुठे धक्का नाही, उडी नाही, नुसता एका दिशेने उतरत राहिलेला. गोंगाट असा उतरत नाही. तो इकडे जातो, तिकडे जातो. हिरवा विझला. लाल लागला.

मला वाटलं, संपलं. आता उचलतील. मी किती मूर्ख असावं.

“मगाशी हिरवा, आता लाल,” माय म्हणाली. “उद्या निळा व्हईल.”

दादा म्हणाला, तूच बाहेर नेऊन काहीतरी केलंस. रागाने नाही, सरळ म्हणाला. आणि त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर त्याचं काय चुकलं? एकाच खोलीत, एकाच दुपारी, एकच डबा आधी नाही म्हणतो आणि मग हो म्हणतो. मध्ये मी तो लांब झाडाखाली नेलेला. पहिल्या वेळी पिवळा लागला असता, मला कळत नाही असं डब्याने सांगितलं असतं, तर दुसऱ्या वेळी लालवर त्यांचा विश्वास बसला असता. हिरव्याने नुसती खोटी ग्वाही दिली नव्हती, पुढच्या खऱ्या ग्वाहीचाही जीव घेतला होता. हे सगळं मला सरांना आधी सांगता आलं नव्हतं. ते मलाच तेव्हा कळलेलं नव्हतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाज करकरली. बहीण उठून बसली होती. भिंतीला हात लावून उभी राहिली, लेकरू गोधडीत घेतलं.

“कुठं चाललीस?” माय म्हणाली.

“बाहेर.”

“वारं लागंल, बाई.”

“लागू दे,” ती म्हणाली. “लाल असू दे न्हाईतर हिरवा असू दे. न्हाणीत बरं वाटतंय, इथं न्हाई. एवढं मला कळतंय की.”

पोत्याचा पडदा खांद्याने ढकलून ती ओसरीत गेली आणि हळदीच्या पोत्याला टेकून बसली. माय धावत गेली आणि तिच्या कानाला फडकं बांधू लागली, लेकराच्या टाळूवर हात धरू लागली. पण परत आत चल असं म्हणाली नाही. बाईने एकदा उंबरा ओलांडला की आमच्या घरात तिला ओढून परत आणत नाहीत. एवढी लाज आमच्यात आहे.

दादा धान्याच्या खोलीकडे निघाला, उघड्या हातांनी पुरचुंड्या काढायला. मी त्याला दंडाला धरून थांबवला. मागचं दार बाहेरून उघडायला लावलं, जाळीत गोधडी कोंबली आणि उद्यापर्यंत त्या खोलीत कुणी जायचं नाही असं सांगितलं. त्याने ऐकलं. मग तो ड्रमजवळ जाऊन बसला, पण थ्री फेज गेली होती. त्याचा दिवस वाया गेला. त्याबद्दल त्याने मला पुढे कितीतरी वर्षं ऐकवलं.

दिवस मावळता मावळता बहिणीने दूध घेतलं आणि ते पोटात राहिलं. लेकरू उठून रडलं, चांगलं खणखणीत, आणि प्यायलं. दुसऱ्या दिवशी कळमनुरीला डॉक्टरांना दाखवलं. मी त्यांना गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी दोघांना तपासून काही दिवस उघड्या हवेत ठेवा म्हणून सांगितलं. बाकीचे दिवस बहीण ओसरीतच राहिली, चारी बाजूंनी चादरी बांधून. लेकराच्या गालावरची काजळाची तीट तिथे हळदीने पिवळी व्हायची.

यातून कोण काय शिकलं म्हणाल तर ऐका. माय पाहुण्यांना सांगत होती की झोळीची जुनी लसणाची माळ काढून ताजी बांधली, तेव्हा पोरीला उतार पडला. आणि शहरात सर सांगत होते की आमच्या उपकरणाने प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या घरात धोका ओळखला, लाल दिवा लागला. हिरव्याचा उल्लेख त्यांनी कुठे केला नाही. मी सगळी हकिकत तोंडी सांगितली होती, ड्रमसकट, शेगडीसकट. त्यांनी त्यातला लाल दिवा उचलला आणि बाकीचं माझ्याकडे ठेवलं. त्यांचा गोंगाट कमी करायचा प्रकार हा असा.

मी काय केलं? कॉलेजात येऊन डबा उघडला, हिरव्या दिव्याच्या तारा कापल्या, दिवा काढून टाकला आणि भोकात लांबी भरली. सुकल्यावर काचकागदाने घासली. पुढच्या सुट्टीत तो डबा सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी आधी बोटाने ती जागा चाचपली.

“हिरवा कुठे आहे?”

“काढला.”

“कुणाला विचारून?”

“माझी बहीण तान्ह्या लेकरासह मरणाच्या वाटेवर पडली होती, तेव्हा तो तिच्या उशाशी लागला होता,” मी म्हणाले. “परत लावायचा असेल तर आधी तुमच्या घरी लावा. तुमच्या सूनबाईंच्या खोलीत.”

सरांनी डबा बाजूला सारला. मग म्हणाले, मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात आहात. मी कधी भावनेच्या भरात नव्हते आणि आजही नाही. मी सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन, चष्मा लावून, नीट विचार करून तो दिवा काढला होता.

सरांनी नवीन डबे करून घेतले, हिरव्या दिव्याचे. एक मी नंतर एका प्रदर्शनात काचेआड पाहिला. चालू होता. हिरवा लागलेला होता. शेजारी लोक चहा पीत होते. माझी पीएच.डी. लांबली, मार्गदर्शक बदलावा लागला, आणि झाली ती पट्टीवर नाही, गोंगाटावर झाली. त्यात मी एकच गोष्ट परत परत मोजून दाखवली आहे. उपकरणाला किती थोडा गॅस कळतो हा आकडा उपकरणाचा नसतो, जागेचा असतो. शहरात एक, गोदामात दुसरा, हळदीच्या अंगणात तिसरा. परीक्षक म्हणाले, हे तर उघड आहे. उघड होतं तर उघडपणे सांगायला काय झालं होतं, हे मी विचारलं नाही, कारण पदवी हातात यायची होती.

वर्गात प्रात्यक्षिकाच्या वेळी पोरं काटा हलला नाही की ‘शून्य’ सांगतात. मी त्यांना उभं करते. काटा कुठल्या फरकाला हलत नाही ते आधी सांगा, मग शून्य म्हणा. पोरं मला खवट म्हणतात. मला माहीत आहे.

दादा आता गोळ्या विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडात टाकतो, असं तो सांगतो. दरवर्षी हरभरा घरात आला की मी फोन करते.

“घरात न्हाई ना टाकल्या?”

“न्हाई म्हणलं ना.”

“न्हाई नको सांगू. कुठं टाकल्यास ते सांग.”

तो शेडाचं सांगतो. मी म्हणते, फोन घेऊन शेडात जा आणि वहिनीला आतल्या खोलीत जाऊन बघायला सांग. तो चिडतो. एवढं शिकून तुला भावाचा विश्वास नाही का, म्हणतो. मी म्हणते, नाही. मग तो पाय आपटत जातो, मला फोनमधून त्याच्या चपला ऐकू येतात, आणि मागे कुठेतरी कुणाचा तरी हळदीचा ड्रम चालू असतो.